शार्वरी सालातली बाटली

तपकीर ओढणारी माणसं पुष्कळ असतात, पण तपकिरीच्या बाटल्यांपायी खुळावलेला माणूस साऱ्या दुर्ग-भिलाईत एकच होता, आणि तो म्हणजे हरिभाऊ वझलवार. घराणं भोसल्यांच्या चाकरीत नागपुराहून दुर्गला आलेलं. पुढे चाकरी गेली, भोसलेही गेले, वझलवार मात्र दुर्गलाच राहिले आणि त्यांच्या मराठीला हळूहळू छत्तीसगडचं पाणी लागलं. हरिभाऊंनी तरुणपणी कलकत्त्याला रेल्वेच्या कचेरीत कारकुनी केली. भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहायला लागला तेव्हा घराजवळची नोकरी म्हणून ते कारखान्याच्या स्टोअरमध्ये आले. जहाजानं आलेल्या रशियन यंत्रांची खोकी उघडायची, आतला माल तपासायचा आणि ठीक असेल तर ठीक म्हणायचं, हे त्यांचं काम. ठीक नसलेल्याला ठीक म्हणणं त्यांच्या जिभेला जमत नसे, त्यामुळे स्टोअरमध्ये त्यांचं नाव मोठं होतं आणि मित्र थोडे होते.

बाटल्यांचं वेड कलकत्त्याचं. तिथल्या चिनी वस्तीत एका म्हाताऱ्याच्या दुकानात त्यांनी बोटभर उंचीची काचेची बाटली पाहिली. कोबीच्या पानावर एक नाकतोडा बसलेला. हरिभाऊंनी सवयीनं धूळ पुसायला अंगठा फिरवला, तर नाकतोडा काही हाताला लागेना. चित्र बाटलीच्या आत होतं! बाटलीचं तोंड तर असं, की तुरीचा दाणा जेमतेम आत जावा. म्हाताऱ्यानं त्यांना टोकाशी आकड्यासारखी वाकवलेली एक बारीक कलम दाखवली. ही आत घालायची आणि काचेच्या आतल्या अंगावर उलटं चित्र काढायचं. आपण कागदावर आधी चेहरा काढतो, मग डोळे. इथे बाहुली आधी, मग डोळा, मग चेहरा, कारण जे आधी काढलं तेच काचेतून पुढे दिसणार. शिवाय गुळगुळीत काच रंग धरत नाही, म्हणून बाटलीत लोखंडाची भुकटी आणि पाणी घालून ती दिवसेंदिवस हलवत बसायचं, म्हणजे आतून ती जराशी खरखरीत होते. हे सगळं कशासाठी, तर चिमूटभर तपकीर ठेवण्यासाठी! हरिभाऊंना हा जगातला सर्वांत शहाणा वेडेपणा वाटला आणि त्यांनी ती बाटली घेतली.

त्यांच्या बायकोला, पद्मजाबाईला, यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईत नवऱ्यावर उपकार म्हणून तिनं ती बाटली गरम पाण्यात सोडा घालून खळखळून धुतली. नाकतोडा, कोबी आणि बाजूची चिनी अक्षरं, सगळं मोरीतून वाहून गेलं. हरिभाऊ मोरीपाशी उकिडवे बसून बघत राहिले.

'मले काय माहीत, चित्र आतून रायते म्हणून?' पद्मजाबाई म्हणाली. 'साऱ्या जगातले लोक बाहेरून काढतात.'

ही गोष्ट खरी असल्यामुळे हरिभाऊंना रागावताही आलं नाही. त्यांनी पुढल्या पगाराला दुसरी बाटली आणली आणि ती उंच फळीवर ठेवली.

जमवता जमवता पारख आली, आणि पारख आली ती फसूनच आली. एका बाटलीच्या आतले डाग पाहून 'काय जुनी तपकीर मुरली आहे' म्हणून ते हरखले होते. ते डाग चहाच्या पाण्याचे निघाले. तेव्हापासून ते आधी चित्राकडे बघतच नसत. आधी बाटलीचं तोंड बघायचं, की वापरून वापरून कडा बोथट झाली आहे का. मग बुचाला लावलेला इवलासा चमचा, की तो पिवळा पडला आहे का, आणि त्यानं तपकीर काढताना आतल्या रंगावर ओरखडे उठले आहेत का. सगळ्यात शेवटी चित्र. ओळखीतला कुणी मोठ्या हौसेनं एखादी बाटली घेऊन आला आणि हरिभाऊंनी भिंग खाली ठेवून 'नवी आहे' म्हटलं, की त्याचा चेहरा उतरायचा. हरिभाऊंना वाईट वाटायचं, पण शब्द काही बदलायचा नाही.

राहिली साल ओळखायची गोष्ट. चित्रकार बहुधा चित्राच्या कडेला साल लिहितो, पण चिनी लोक साल आकड्यात लिहीत नाहीत, दोन अक्षरांत लिहितात. ही विद्या हरिभाऊंना नागपूरला सीताबर्डीवरच्या एका चिनी दातांच्या डॉक्टरानं दिली. डॉक्टर लियाओ त्यांचं नाव. एकीकडची दहा अक्षरं, दुसरीकडची बारा अक्षरं, आणि दोन्हीकडून एकेक पुढे सरकत त्यांच्या जोड्या जुळवत गेलं की साठ वर्षं होतात. साठ झाली की पुन्हा पहिल्यापासून.

'अरे, ये तो हमाराच है!' हरिभाऊ दाताच्या खुर्चीत ताडकन उठून बसले होते. आपलीही संवत्सरं साठच की! प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद... लहानपणी आजोबांनी रोज पहाटे म्हणून घेतलेली नावं. भटजी पूजेला बसले की संकल्पात त्या वर्षाचं नाव घेतात, साठ वर्षं पुरी झाली की माणसाची शांत करतात. चिनी मुलखातही तेच चक्र फिरतं हे कळल्यावर हरिभाऊंना चिनी लोक एकदम नात्यातले वाटायला लागले. अक्षरांची जोडी पाहिली, ती कितवी ते मोजलं, आणि त्या क्रमांकाचं संवत्सर पंचांगातून काढलं की झालं. इतकं सोपं! आणखी काही विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

हे झालं त्यांच्या वेडाचं. आता खरी गोष्ट.

एकोणसाठ सालचा डिसेंबर. कारखान्याची पहिली भट्टी पेटून वर्ष होत आलं होतं. सेक्टर सहामधल्या नव्या क्वार्टरच्या भिंतींना अजून चुन्याचा वास यायचा आणि कितीही पुसलं तरी खिडकीच्या चौकटीवर लाल धूळ बसायची. एका रविवारी सकाळी देवाजी मेश्राम एका धिप्पाड रशियन माणसाला घेऊन हरिभाऊंच्या दारात उभा राहिला. देवाजी भंडाऱ्याकडचा. भट्टीवर रशियनांच्या हाताखाली फिटर होता आणि त्यांची भाषा कामापुरती शिकला होता, शिव्यांसकट. दुर्गच्या जुन्या घरात तो कदाचित ओट्यापाशीच थबकला असता आणि हरिभाऊंच्या आजोबांनी त्याला थबकू दिलं असतं. इथे क्वार्टरला ओटाच नव्हता. तो सरळ आत आला, खुर्ची ओढून बसला आणि पद्मजाबाईनं सगळ्यांना एकसारख्या कपांत चहा दिला.

'भाऊ, हे येफिम साहेब,' देवाजी म्हणाला. 'याईच्यापाशी तुमच्यावाली बाटली हाये. मी म्हणलं, बाटलीचा डॉक्टर आमच्या भिलाईतच हाये, चला.'

येफिमनं खिशातून रुमाल काढला, रुमालातून बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

हरिभाऊंनी नियम मोडला. त्यांनी आधी चित्रच पाहिलं. नदी होती. काठावर वाळुंजाचं झाड, त्याच्या फांद्या पाण्यावर आलेल्या, एकेक पान केसाएवढं. होडीत टोपी घातलेला एक म्हातारा गळ टाकून बसलेला. मासा लागो न लागो, आपली काही तक्रार नाही, असा चेहरा. मुगाच्या डाळीएवढ्या त्या चेहऱ्यावर एवढं सगळं दिसत होतं. इतकी सुंदर बाटली हरिभाऊंनी आजवर हातात धरली नव्हती, आणि आपल्याजवळ काहीही नसलं तरी चालेल, पण ही असावी, असं त्यांना अगदी आतून वाटलं.

देवाजीनं हकिकत सांगितली. इथे यायच्या आधी, सत्तावन्न सालापर्यंत, येफिम चीनमध्ये होता, आनशानच्या पोलादाच्या कारखान्यात. तिथे लिन नावाचा एक फोरमन त्याचा जिवाभावाचा मित्र झाला. निघायच्या दिवशी गाडी सुटता सुटता लिननं हा रुमाल त्याच्या हातात कोंबला. बोलायला वेळच नव्हता.

'आता साहेबाच्या मनात काय घोळून राहिलं, तर तो लिन गरीब माणूस,' देवाजी म्हणाला. 'घरात एखादी बापजाद्यांची वस्तू असन, तेच त्यानं उचलून देऊन देली का काय? तसं असन तर साहेब म्हणते, मी ठेवू शकत नाही, त्याच्या लेकराईले परत धाडतो. अन् बाजारातली नवीन असन, तर साहेब काई तपकीर ओढत नाही. तो म्हणते, ज्याले याचा शौक हाये त्यालेच देऊन जातो. म्हणजे तुमाले, भाऊ.'

पद्मजाबाई चहाची कपबशी उचलता उचलता थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

हरिभाऊंनी भिंग घेतलं. तोंडाची कडा धारदार होती. चमचा पांढराशुभ्र. आत तपकिरीचा कण नाही, रंगावर एक ओरखडा नाही. नवी, असं त्यांच्या डोळ्यानं लगेच सांगितलं. नवी! आणि याच ठिकाणी हरिभाऊ स्वतःला घाबरले. स्टोअरमध्ये माल पास करून घेणारे ठेकेदार कसे गोड बोलतात ते त्यांना माहीत होतं, आणि आता त्यांचा स्वतःचा डोळाच ठेकेदारासारखा गोड बोलत होता. मला हवी आहे म्हणून तर मला ती नवी दिसत नाही ना? जपून ठेवलेली जुनी वस्तूही कोरी राहू शकते. डोळ्यावर विसंबायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी सालाची दोन अक्षरं पाहिली. दहातलं चौथं, बारातलं दहावं. बोटांवर जोड्या मोजल्या. चौतिसावी. मग त्यांनी खुंटीवरचं पंचांग काढलं.

'भाऊ, आमी तर नागपूरले दीक्षा घेतली तवापासून पंचांग सोडलं,' देवाजी हसत म्हणाला. 'तुमी तर चिनी बाटलीलेबी लावून राहिले!'

'चूप बस जरा. हिशेब करून राहिलो.' हरिभाऊंनी बोट ठेवलं. 'चौतिसावं म्हणजे शार्वरी. आता चालू आहे विकारी, तेहतिसावं. शार्वरी लागन येत्या पाडव्याले. जे साल अजून लागलंच नाही, त्या सालात ही बाटली रंगवली कशी जाईन? म्हणजे ही मागच्या शार्वरीतली. साठ वर्षांची झाली.'

हे इतकं बिनतोड होतं, की स्वतः हरिभाऊंनाही त्यात फट दिसेना. मनावर दगड ठेवून त्यांनी निकाल दिला. 'जुनी आहे. अस्सल आहे. घरातली चीज असन. साहेबाले म्हणावं, परत करून द्या.'

देवाजीनं ते रशियनमध्ये सांगितलं. येफिमचा चेहरा पडला. आपण एका गरीब माणसाच्या आजोबांची ठेव घेऊन निघून आलो, ही शंका इतके दिवस त्याला टोचत होती आणि आता ती खरी ठरली. फेब्रुवारीत तो मायदेशी जाणार होता. तिथून आनशानला जाणारा कुणीतरी मिळेल, त्याच्याबरोबर पाठवीन, असं म्हणून त्यानं बाटली पुन्हा रुमालात बांधली. हरिभाऊ त्या गाठीकडे बघत राहिले.

'नवी म्हणले असते तर?' दोघं गेल्यावर पद्मजाबाईनं विचारलं.

'तर आपली झाली असती.'

'मंग म्हणले कावून नाही?'

'नवी नव्हती म्हणून.'

पद्मजाबाई आत गेली. नवऱ्याच्या या स्वभावानं ती आयुष्यभर वैतागली होती, आणि हाच स्वभाव नसता तर आपण या माणसाबरोबर कशा राहिलो असतो हे तिला सांगता आलं नसतं. त्या दिवशी तिनं न मागता वडाभात केला.

आपण खरं बोललो, याचं समाधान माणसाला किती दिवस पुरतं? हरिभाऊंना आठवडाभर पुरलं. मग ती नदी आणि ते वाळुंज डोळ्यांपुढून हलेना. खोकी तपासताना मध्येच त्यांना तो म्हातारा दिसायचा. जानेवारीत त्यांची दाढ ठणकायला लागली, तेव्हाही हे बाटलीचंच दुखणं आहे असं त्यांना वाटलं. गाल सुजला तशी पद्मजाबाईनं हाताला धरून त्यांना नागपूरच्या गाडीत बसवलं.

डॉक्टर लियाओंनी दाढ उपटली, कापसाचा बोळा कोंबला आणि तोंड घट्ट मिटून बसायला सांगितलं. दवाखान्यात आज लाल कागदाची सजावट होती. हरिभाऊंनी बोटानं 'हे काय' असं विचारलं.

'परसों हमारा नया साल,' डॉक्टर हात धूत म्हणाले. 'चूहे का साल. सैंतीसवाँ लगेगा.'

हरिभाऊंनी मान डोलावली. मग ती डोलता डोलता थांबली. सैंतीसवाँ? सदतिसावं? त्यांनी दोन्ही हातांची बोटं पुढे करून जोरजोरात हलवली. तेहतीस चालू आहे, चौतीस लागेल, असं त्यांना म्हणायचं होतं, पण तोंडातून बोळ्यामागून फक्त घुमण्याचा आवाज येत होता. डॉक्टरांना वाटलं, रक्त थांबत नाही. त्यांनी आणखी एक बोळा कोंबला.

शेवटी हरिभाऊंनी रडकुंडीला येऊन दोन्ही बोळे हातात काढले. 'डॉक्टरसाब, अभी तो तैंतीसवाँ चल रहा है ना? हमारा तैंतीसवाँ है!'

'आपका होगा,' डॉक्टर शांतपणे म्हणाले. 'हमारा छत्तीसवाँ खतम हो रहा है. आपका और हमारा एक साथ शुरू होता है, ये आपको किसने बोला?'

कुणीच बोललं नव्हतं. तीच तर गोम होती. चक्र साठाचंच, पण चिन्यांचं आपल्या तीन वर्षं आधी सुरू होतं. हरिभाऊंनी चिनी बाटल्यांच्या मुखी आपल्या आजोबांची संथा घातली होती आणि इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण शंभर वर्षांच्या वस्तूत तीन वर्षांनी काय बिघडतं? इथे मात्र सगळंच बिघडलं होतं. छत्तिसावं आत्ता संपतंय, तर चौतिसावं म्हणजे सत्तावन्न साल. येफिम आनशान सोडून निघाला ते साल.

बाटली नवी होती. डोळा बरोबर होता.

परतीच्या गाडीत हरिभाऊ सुजलेला गाल खिडकीच्या गजाला टेकवून बसले. पहिला विचार आला तो असा, की म्हणजे ती माझी आहे! छातीत एकदम ऊन पडल्यासारखं झालं. पण गोंदिया यायच्या आत ते ऊन गेलं. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? साहेब जायला निघाला असताना हा माणूस धावत येतो आणि म्हणतो, ती जुनी नाही हो, नवी आहे, आणा इकडे. कोण विश्वास ठेवील? देवाजी ठेवील का? आपण स्वतः तरी ठेवला असता का? स्टोअरमध्ये कुणी असा निकाल फिरवला असता, तर हरिभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंही नसतं. नाव म्हणून जे काही कमावलं ते एवढंच, की वझलवार म्हणतो ते खरं. ते जाणार. गप्प बसलं तर काहीच जाणार नव्हतं. बाटली चीनला जाईल आणि विषय संपेल.

घरी आल्यावर त्यांनी पद्मजाबाईला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, 'जाऊ दे. गप्पच बसतो. कोणाचं काय बिघडते?'

पद्मजाबाई त्यांच्यासाठी पेज निववत होती. तिनं वाटी खाली ठेवली.

'त्या लिनचं बिघडते,' ती म्हणाली. 'सत्तावन्नमधे रंगवली, म्हणजे आजोबाची कुठची? त्यानं दोस्तासाठी नवी आणली. अन् आता ते त्याच्या दारात परत जाऊन राहिली. अहो, आपल्यात केलेला आहेर कोणी परत धाडला, तर माणूस जन्मभर तोंड पाहत नाही. माझ्या मामानं आपण सत्यनारायणाले दिलेला पाट परत केला होता, आठवते का? तो लिन काय समजन? माझ्या दोस्ताले माझी वस्तू नको झाली, असंच ना?'

हरिभाऊंनी हे हिशेबात धरलंच नव्हतं. ते आपल्या नावाचा आणि आपल्या बाटलीचा विचार करत बसले होते. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. पेज तशीच ठेवून ते उठले.

'सायकल कुठं आहे?'

'बोळा तरी बदला!' पद्मजाबाई मागून ओरडली.

त्यांनी देवाजीला त्याच्या क्वार्टरवरून उठवलं आणि दोघं सायकली हाणत रशियन लोकांच्या वस्तीकडे निघाले. संध्याकाळ होत होती. दूर भट्टीच्या अंगाला आकाश केशरी झालं होतं आणि पाळी सुटलेल्या माणसांचे लोंढे समोरून येत होते. वाटेत हरिभाऊंनी देवाजीला सगळं सांगितलं. देवाजी दोन-चार पायडल मारून त्यांच्या बरोबरीला आला. मग म्हणाला, 'भाऊ, मी तुमाले ओळखतो. पण साहेब कसा मानन?'

'त्याचाच विचार करून राहिलो,' हरिभाऊ म्हणाले. सेक्टरच्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला टेकवला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग पुन्हा पायडल मारलं. त्यांचं ठरलं होतं.

येफिमची खोली खोक्यांनी भरली होती. हरिभाऊ आत शिरले आणि बसायच्या आधीच बोलले.

'देवाजी, पहिले हे सांग. मी ते बाटली घेणार नाही. साहेबानं दिली तरी घेणार नाही. माझ्या आईची शपथ. हे सांगितल्यावरच बाकीचं सांग.'

देवाजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ती बाटली म्हणजे या माणसाचा जीव आहे हे त्याला ठाऊक होतं. मग त्यानं सांगितलं. येफिम गोंधळला.

'आता सांग, का माझा हिशेब चुकला. मी आपलं पंचांग चिन्याले लावलं. बाटली जुनी नाही. तोंडाची कड पाय म्हणावं, किती तेज आहे. चमचा पाय, कोरा. मले पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण मले ते पाहिजे होती, म्हणून मी माझ्याच डोळ्यावर भरोसा ठेवला नाही. सत्तावन्न साली रंगवली ते. साहेब निघाला त्याच साली.'

देवाजी सावकाश, शब्द शोधत सांगत गेला. येफिम ऐकत होता. शेवटचं वाक्य त्यानं पुन्हा सांगायला लावलं. मग तो खोक्यावर बसला आणि त्याचे ते दोन मोठे हात गुडघ्यांवर नुसते पडून राहिले.

तो बोलायला लागला तेव्हा देवाजीला त्याच्यामागे धावावं लागलं. 'साहेब म्हणते... निघायच्या आधी लिननं सुट्टी टाकली होती. पेकिंगले गेला. म्हणे मेव्हणा बिमार हाये. साहेब रागावला होता, का बाबा आपले थोडे दिवस राहिले अन् हा निघून गेला. साहेब म्हणते... मेव्हणा बिमार नव्हता, भाऊ. हे बनवून घ्याले गेला होता तो.'

येफिमनं रुमाल सोडला. बाटली दोन बोटांत धरून दिव्यासमोर नेली आणि पहिल्यांदाच पाहावी तसा तो पाहत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याला काही गरज वाटत नव्हती. बापजाद्यांची ठेव त्याला ओझं झाली होती. ही त्याची होती, त्याच्यासाठी केलेली होती, आणि आता ती कुणालाही द्यायची नव्हती. हरिभाऊंनी आयुष्यात कितीतरी जणांना 'नवी आहे' म्हणून सांगितलं होतं. ते ऐकून कुणी इतकं सुखावलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

येफिम उठला आणि त्यानं हरिभाऊंना मिठी मारली. सुजलेला गाल त्याच्या छातीच्या बटणावर आपटला आणि हरिभाऊ कळवळले, पण त्यांनी सोडवून घेतलं नाही.

मग येफिमनं बाटली पुढे करून काहीतरी विचारलं.

'साहेब म्हणते, हिच्यात ते टाकतात कसं, एकदा दाखवा,' देवाजी म्हणाला. 'रिकामी ठेवाले नाही बनवली म्हणते त्यानं.'

हरिभाऊंनी खिशातून आपली डबी काढली. दुर्गच्या बाजारातली, तीच ती रोजची, तुपात चोळलेली तपकीर. कागदाची पुंगळी केली. हात मात्र पुढे जाईना. अशा कोऱ्या काचेत तपकीर घालायची? पण येफिम बाटली धरून उभा होता. त्यांनी पुंगळी तोंडाशी लावली आणि हलक्या हातानं टिचकी मारली. तपकीर आत उतरली आणि वाळुंजाखालच्या नदीला गढूळ पाणी आलं.

येफिमनं चिमूट नाकाला लावली आणि असा शिंकला, की शेजारच्या खोलीतला रशियन दार उघडून बघून गेला. डोळे पुसत त्यानं बाटली दिव्यासमोर धरली आणि काळजीनं विचारलं, की चित्राला डाग तर पडणार नाही?

'पडन,' हरिभाऊ म्हणाले. 'पडू दे. रोज चिमूट काढ म्हणावं. साठ वर्षांनी माझ्यासारखा एखादा येडा हिले भिंग लावन. साल चीनचं, घर रशियातलं, अन् आत डाग दुर्गच्या तपकिरीचा! तो म्हणन, हे जमत नाही. नकली आहे.'

देवाजीला हसू आवरेना. दोनदा सुरुवात करून त्यानं कसंबसं ते रशियनमध्ये सांगितलं, आणि मग तिघंही हसत सुटले. हरिभाऊ गाल धरून हसत होते. सायकलीवर टांग टाकून ते घराकडे निघाले, सेक्टर सहाच्या दिव्यांपाशी आले, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की बाटली शेवटची नीट पाहून घ्यायची आपण विसरलोच.